प्रेशर अल्सर कोडिंगचा रेकॉर्डेड कोर्स: पाचपैकी साडेतीन तारे

अकरा वर्षं वॉर्डात नर्स होते, गेली चार वर्षं अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट कोड करते, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून बिलासाठी प्रत्येक आजाराचा ठरलेला कोड लावते. मागच्या ऑडिटमध्ये माझ्या तीन चुका निघाल्या, तिन्ही प्रेशर अल्सरच्या, म्हणजे एकाच कुशीवर पडून दाबाने होणाऱ्या जखमांच्या. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलून जी जखम होऊ दिली नाही, तिच्याच कोडमध्ये नापास! म्हणून हा कोर्स घेतला. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

तिसरा धडा सोन्यासारखा. एका चार्टमध्ये डॉक्टरांनी 'सॅक्रल (माकडहाडाजवळचा) प्रेशर अल्सर' एवढंच लिहिलंय. जखम किती खोल गेली ते सांगणारी स्टेज, इथे ३, सापडते ती नर्सच्या नोंदीत, लांबी-रुंदी-खोलीसकट. इथे एल८९.१५३ हा कोड देता येतो (शेवटचा ३ म्हणजे स्टेज ३), कारण निदान डॉक्टरांचं हवं, पण स्टेज नर्सच्या नोंदीतून घेतलेली चालते. लगेच पुढच्या चार्टमध्ये उलटं: नर्सने सगळं लिहिलंय, डॉक्टरांनी जखमेचं नावही घेतलेलं नाही. तिथे कोड नाही, आधी क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा. ऑडिटमध्ये माझं चुकलं होतं ते पहिल्या चार्टसारख्या ठिकाणी. नर्सची नोंद न उघडता मी कोडच्या शेवटी ९, म्हणजे 'स्टेज लिहिलेली नाही', लावून मोकळी झाले होते. मी, जिने आयुष्यभर त्या नोंदी लिहिल्या!

शेवटचा ० आणि ९ यांतला घोळही इथे सुटला. काळी खपली किंवा स्लफ (मेलेल्या ऊतींचा थर) जखमेवर बसल्यामुळे तळ दिसत नसेल तर ०, म्हणजे अनस्टेजेबल, स्टेज ठरवता न येणारी. स्टेज कुणी लिहिलीच नसेल तर ९.

भरतीच्या वेळी जखम होती की नव्हती, यावर अख्खा धडा आहे आणि तो हवाच. स्टेज ३ किंवा ४ ची जखम हॉस्पिटलात झाली, तर १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा योजना तिच्यासाठी जादा पैसे देत नाही. येताना स्टेज २ होती आणि मुक्कामात ३ झाली, तर दोन कोड लागतात: एक येतानाच्या स्टेजचा, दुसरा सगळ्यात वरच्या स्टेजचा. शिकवणाऱ्या बाईंनी हे तारीखवार तक्ता काढून दाखवलंय. घाई नाही, उगाच विनोद नाहीत.

आता तक्रार. स्लाइड जुन्या आहेत. खोलवरच्या ऊतींच्या इजेला ऑक्टोबर २०१९ पासून शेवटी ६ असलेला वेगळा कोड आहे. यांच्याकडे ती अजून अनस्टेजेबलमध्येच. ईमेल केला, तर उत्तरात त्याच जुन्या नोट्सची पीडीएफ आली. प्रश्नमंजुषेत तर कहर आहे. चार्टमध्ये 'बरी होत असलेली स्टेज ४' असं स्वच्छ लिहिलंय, आणि यांचं उत्तर स्टेज २, का तर जखम आता उथळ दिसते! भरत आलेली स्टेज ४ ही स्टेज ४ च असते, उलटी उतरत नाही. नवख्या कोडरने हे पाठ केलं तर पहिल्याच ऑडिटमध्ये आपटेल.

मधुमेहाच्या पायाच्या जखमा चार मिनिटांत गुंडाळल्यात, त्या दुसरीकडे शिका. प्रश्नमंजुषा सोडून द्या. तिसरा धडा मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा वही घेऊन, आणि काल एका टाचेच्या जखमेसाठी डॉक्टरांना क्वेरी पाठवली. उत्तर यायचंय.