इम्पॅक्ट गन, डाय ग्राइंडर, ब्लो गन: पावसाळा धरून काही महिने वापरल्यानंतर

आधी सेटअप सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नेमकं कशाबद्दल आहे ते कळेल. ३ एचपीचा, पट्ट्यावर चालणारा दोन सिलिंडरचा काँप्रेसर, २२० लिटरची टाकी. त्याच्या दाबलेल्या हवेवर चालणारी हत्यारं पाच: ठोके देत नट-बोल्ट फिरवणारी अर्ध्या इंचाची इम्पॅक्ट गन, ६ मिमी कॉलेटचा (दांडी पकडणाऱ्या चिमट्याचा) डाय ग्राइंडर, ३ इंची चाकाचा कटर, एअर चिझल म्हणजे हवेवरची छिन्नी, आणि हवा फुंकून साफ करायची ब्लो गन. काम चारचाकीचं: चाकं, सस्पेन्शन, सायलेन्सरचे गंजलेले बोल्ट, थोडंफार पत्र्याचं काम. हत्यारांबद्दल फारशी तक्रार नाही. जे बिघडलं आणि ज्यातून धोका निर्माण झाला, त्यातलं बहुतेक टाकी आणि हत्यार यांच्या मधल्या भागातलं निघालं. त्यामुळे या रिव्ह्यूत हत्यारापेक्षा हवेबद्दलच जास्त लिहिलं आहे.

दाब कुठे मोजायचा

जवळपास सगळ्या हत्यारांवर ९० पीएसआय, म्हणजे साधारण ६.२ बार, असं छापलेलं असतं. हा दाब हत्याराच्या तोंडाशी आणि ट्रिगर दाबलेला असताना हवा. भिंतीवरच्या रेग्युलेटरचा, म्हणजे दाब कमी-जास्त करायच्या व्हॉल्व्हचा, काटा बंद लाइनचा दाब दाखवतो, त्यावरून काही कळत नाही. होजच्या शेवटी टी-जोड लावून एक छोटा दाबमापक गेज बसवा आणि गन चालू असताना बघा. निळ्या रंगाचा ६ मिमी आतला व्यास असलेला गुंडाळीचा पाइप असेल तर दीड-दोन बार सहज गळतात आणि दोष गनला मिळतो. किमान १० मिमी आतला व्यास असलेला, जाळीचा रबर होज लावला की तीच गन वेगळी वाटते.

यात सुरक्षेचा प्रश्न कुठे आला? गन ढिली वाटली की रेग्युलेटर पिळून ८ बारवर नेला जातो आणि तसाच ठेवला जातो. मग त्याच पॉइंटला दुसरा कोणी डाय ग्राइंडर जोडतो. या ग्राइंडरचा २०-२२ हजार आरपीएम हा बिनलोडचा वेग ९० पीएसआयला धरून दिलेला असतो. दाब वाढला की वेग वाढतो आणि त्यातल्या चाकाला ते ठाऊक नसतं. म्हणून ग्राइंडरच्या पॉइंटला वेगळा रेग्युलेटर हवा आणि त्याची मूठ ९० वर लॉक केलेली हवी. होज बदलणं हा स्वस्त उपाय आहे, दाब वाढवणं हा महाग.

पाणी

पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम बाष्प असतं. मिनिटाला १० घनफूट हवा ओढणारा काँप्रेसर सलग तासभर चालला तर १७ घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम पाणी. हवा दाबली जाऊन थंड झाली की त्यातलं तीनशे मिलीहून जास्त पाण्याच्या रूपात बाहेर पडतं. काही टाकीच्या तळाशी साचतं, उरलेलं पुढे लाइनमध्ये जातं. टाकीचा ड्रेन कॉक 'आठवड्यातून एकदा' उघडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, इतर वेळी रोज संध्याकाळी, थोडा दाब शिल्लक असताना कॉक हळू उघडायचा. निघणारं पाणी तांबूस असेल तर टाकी आतून गंजते आहे. पत्रा पातळ झालेली टाकी वेल्डिंगने ठिगळ लावून वापरायची नसते. ती भंगारातच गेली पाहिजे.

हत्याराच्या आत पाणी गेलं की रोटरच्या, म्हणजे हवेने फिरणाऱ्या आतल्या भागाच्या, खाचांमधल्या पट्ट्या, म्हणजे व्हेन, फुगतात किंवा चिकटतात. लक्षण ओळखायला सोपं: सकाळी पहिल्यांदा ट्रिगर दाबल्यावर नुसती हवा सुटते, रोटर फिरत नाही. हाताने गोटी (नटवर बसणारा सॉकेट) थोडी फिरवली की सुरू होतो. हात लावायच्या आधी होज काढलेला असावा, नाहीतर व्हेन सुटली की गोटी बोटांसकट फिरते.

यावरचा उपाय एफआरएल: आधी फिल्टर, मग रेग्युलेटर, मग ल्युब्रिकेटर, याच क्रमाने. ल्युब्रिकेटरच्या काचेत हत्यार चालू असताना मिनिटाला एक-दोन थेंब दिसायला हवेत. तेल ३२ ग्रेडचं न्यूमॅटिक टूल ऑइल. इंजिन ऑइल घट्ट असतं, त्यातल्या अॅडिटिव्हचा व्हेनवर चिकट थर बसतो. ल्युब्रिकेटर हत्यारापासून फार लांब असेल तर तेल वाटेतच पाइपला लागून राहतं. अशा वेळी रोज काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर हत्याराच्या इनलेटमध्ये चार-पाच थेंब टाकून काही सेकंद बिनलोड चालवणं जास्त उपयोगी. पहिला तेलकट फवारा एक्झॉस्टमधून निघतो, म्हणून त्याचं तोंड माणसाकडे नको. ब्लो गन आणि स्प्रे गनची लाइन मात्र ल्युब्रिकेटरच्या आधीच फोडून घ्या.

लाइन टाकताना पाण्याचा विचार केला तर निम्मी कटकट संपते. जीआय पाइप, शंभर सेमीला एक सेमी उतार, प्रत्येक पॉइंटची फांदी मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवलेली, आणि सर्वांत खालच्या टोकाला ड्रेन. अनेक गॅरेजांत पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरलेला दिसतो. स्वस्त आहे, जोडायला सोपा आहे, आणि धोकादायक आहे. पीव्हीसी वयाने, उन्हाने आणि काँप्रेसरच्या तेलाने ठिसूळ होतो. पाण्याच्या दाबाने तो फुटला तर चीर जाऊन गळतो. हवेच्या दाबाने फुटतो तेव्हा तुकडे उडतात. यात तडजोड नको.

इम्पॅक्ट गन

खोक्यावरचा टॉर्कचा आकडा बहुधा उलट्या दिशेचा, नट सोडवतानाचा असतो, तोही ९० पीएसआय आणि मोठ्या होजवर. फूट-पाउंडातला आकडा १.३५६ ने गुणला की न्यूटन मीटर मिळतात. दुकानदार सोयीचा तो आकडा सांगतो. ट्रकच्या चाकाला अर्धा इंच गन पुरत नाही, कारच्या कामाला भरपूर होते.

गोट्यांवर पैसे वाचवू नका. हातपान्याच्या चकचकीत क्रोम गोट्या कडक आणि पातळ असतात. इम्पॅक्टच्या ठोक्यांनी त्या उभ्या चिरतात आणि कपची डोळ्याच्या उंचीवर उडते. काळ्या, जाड भिंतीच्या क्रोम-मॉली इम्पॅक्ट गोट्याच वापरायच्या. युनिव्हर्सल जॉइंट लावला असेल तर गोटी नटवर बसल्याशिवाय ट्रिगर दाबू नये, वाकडा जॉइंट मोकळा फिरला की हात मारतो.

घट्ट करताना गन फक्त नट बसेपर्यंत, सर्वांत खालच्या सेटिंगवर. शेवटचा टॉर्क हाताच्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट घेत, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. लहान गाड्यांत तो साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. गनने ठोकलेल्या नटवर टॉर्क पाना लगेच 'टिक' करतो, त्याचा अर्थ टॉर्क बरोबर आहे असा नाही, तो केव्हाच ओलांडला गेला असेल. स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, ताणला जातो आणि डिस्क वाकडी बसते. मग ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक परत येतं.

एक गोष्ट मॅन्युअलच्या मागच्या पानावर असते आणि कोणी वाचत नाही: लाइनमधलं तेल हॅमरपर्यंत, म्हणजे गनच्या आतल्या ठोके देणाऱ्या भागापर्यंत, पोचत नाही. हॅमरच्या भागाला वेगळं ग्रीस लागतं. आवाज कोरडा, टणटणीत झाला की वेळ टळून गेलेली असते.

डाय ग्राइंडर आणि कटर

सर्वांत जास्त सावधपणे वापरायची हत्यारं हीच आहेत, दिसायला जरी सर्वांत छोटी असली तरी. ३ इंची, म्हणजे ७५ मिमी चाक २०,००० आरपीएमला फिरलं की कडेचा वेग सेकंदाला ७८-७९ मीटर होतो. चाकावर ८० मीटर प्रति सेकंद लिहिलेलं असतं, म्हणजे जेमतेम मर्यादेत. गार्ड काढून त्याच कटरवर ४ इंची चाक लावलं तर कडेचा वेग १०५ मीटरच्या घरात जातो. ४ इंची चाकाची मर्यादा साधारण १५,३०० आरपीएम आहे. 'चाक बसतं' आणि 'चाक चालतं' यात एवढा फरक आहे.

रेझिनच्या चाकांची मुदत मधल्या धातूच्या रिंगवर महिना-वर्षासह कोरलेली असते. ओल लागलेलं, खाली पडलेलं, मुदत संपलेलं चाक सरळ मोडून फेकायचं. मोडायचं अशासाठी, की नुसतं फेकलं तर संध्याकाळी कोणीतरी उचलून लावतो. नवीन चाक लावल्यावर अर्धा मिनिट तरी बेंचच्या आडून, अंगापासून दूर धरून मोकळं चालवायचं. डाय ग्राइंडरमध्ये बर (दातेरी कटर) किंवा दगडाची दांडी कॉलेटमध्ये किमान २० मिमी आत हवी. ती जितकी बाहेर राहील तितका सुरक्षित वेग कमी होतो, आणि लांब दांडी वाकली की तिथून पुढे काही हातात राहत नाही.

लिव्हरचं लॉक तारेने किंवा टेपने बांधून ठेवलेलं दिसलं तर ते हत्यार तिथेच बाजूला काढा. चाक, गोटी, बिट काहीही बदलायचं असेल तर क्रम एकच: होज काढा, ट्रिगर दाबून उरलेली हवा सोडा, मग पाना लावा.

चिझल

बिट कामावर टेकवल्याशिवाय ट्रिगर नाही. मोकळं चालवलं की छिन्नी धरून ठेवणारी रिटेनर स्प्रिंग तुटते आणि छिन्नी बाणासारखी सुटते. बाकी हे हत्यार बरं आहे, फक्त आवाज असह्य.

ब्लो गन

स्वस्त म्हणून दुर्लक्षित. अमेरिकेच्या ओशा (कामगार-सुरक्षा) नियमांत साफसफाईसाठी ३० पीएसआय, म्हणजे सुमारे २ बार, ही मर्यादा आहे, शिवाय उडणारा कीस अडवणारं गार्ड लागतं. आपल्याकडे ही नळी सरळ ८ बारला जोडलेली असते. बाजूला भोकं असलेली नोझल घ्या. टोक हाताने बंद झालं तरी हवा बाजूने सुटते, दाब वाढत नाही. अंगावरचा, कपड्यांवरचा भुसा हवेने उडवायचा नाही. जखमेतून हवा त्वचेखाली शिरते. थट्टेत एखाद्याच्या अंगाशी पाइप लावण्याचे प्रकार आपल्या कारखान्यांत होतात आणि त्यात आतडी फाटून माणसं दगावली आहेत. वर्कशॉपमध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच.

गॅस वेल्डिंगचा ऑक्सिजन फुंकायला किंवा हत्यार चालवायला कधीही नाही. हत्यारात तेल असतं, आणि दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन व तेल एकत्र आले की ठिणगीचीही वाट पाहत नाहीत.

कपलर, होज, कान

क्विक कपलर, म्हणजे होज झटकन लावायचा-काढायचा जोड, थेट इम्पॅक्ट गनला लावू नका. ठोक्यांनी त्याची चेंडूची खाच झिजते आणि एक दिवस होज सुटून फटके मारतो. मध्ये अर्ध्या मीटरचा होजचा तुकडा ठेवा, कपलर त्याच्या मागे. आधी हवा सोडून मग सुटणारे सेफ्टी कपलर थोडे महाग आहेत, पण त्यात होज हिसका देत नाही. स्क्रूने आवळायच्या जुबिली क्लॅम्पपेक्षा क्रिम्प केलेली, म्हणजे दाबून बसवलेली, फेरूल (धातूची कडी) चांगली. तारेने आवळलेला जोड दिसला तर कापून टाका.

आवाज ९० डेसिबलला आठ तास, १०० ला दोन तास, ही आपल्याकडच्या कारखान्यांसाठीची मर्यादा. पत्र्याच्या शेडमध्ये इम्पॅक्ट गन शंभरच्या आसपास सहज जाते, म्हणून नुसता कापूस पुरत नाही, इअर मफ हवेत. चष्मा बाजूने बंद असलेला. ग्राइंडरवर सैल कापडी हातमोजे नकोत, अंगाबरोबर घट्ट बसणारे हवेत. ग्राइंडरचं काम सलग न करता वाटून घ्या: बोटांना मुंग्या येऊन टोकं पांढरी पडू लागली तर कंपनाने रक्तवाहिन्या आणि नसा बाधित होत आहेत.

घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: या मॉडेलचा व्हेन सेट आणि ट्रिगर व्हॉल्व्हचा ओ-रिंग सुटा मिळतो का? नाही म्हणाला तर खोक्यावरचा टॉर्क कितीही असो, दुसरं मॉडेल बघा.