मनगटात प्लेट, हातात एर्गॉन जीए३

हात मोडल्यानंतर पुन्हा माउंटन बाइकच्या रेसला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा मी सायकलवर बरेच पैसे घातले. त्यातली सगळ्यात उपयोगी ठरलेली वस्तू म्हणजे हँडलबारच्या दोन टोकांना बसणारी रबराची जोडी, एर्गॉन या जर्मन कंपनीचे जीए३ ग्रिप. मनगटाच्या, तळहाताच्या दुखण्यातून उठून जे पुन्हा ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, जाऊ पाहतायत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांचे हात ठणठणीत आहेत त्यांनाही ग्रिप आवडतील, पण त्यांच्या लेखी फरक कदाचित एवढा मोठा नसेल.

आधी हाताची अवस्था सांगते, कारण ग्रिप चांगला की वाईट हे हात कसा आहे त्यावर ठरतं. मी राहते खारघरला, नोकरी बेलापूरच्या बँकेत, रेस मास्टर्स, म्हणजे वयाने मोठ्यांच्या, गटात क्रॉस-कंट्रीची, म्हणजे कच्च्या वाटेवर चढ-उताराच्या फेऱ्यांची. खारघरच्या डोंगरावरून उतरताना सुट्या दगडांवर पुढचं चाक निसटलं आणि मी उजवा हात टेकवून पडले. असं पडल्यावर बहुतेकदा मोडतं तेच मोडलं: मनगटाला लागून असलेलं रेडियस हाडाचं टोक. ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले.

हाड जुळलं की हात बरा झाला असं घरच्यांना वाटतं. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले, "हाड छान धरलंय," आणि घरात पेढे आले. पण त्या दिवशी मला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नव्हतं. मनगट मागे वळत नव्हतं, तळहात पूर्ण वर होत नव्हता, मूठ अर्धीच मिटत होती. फिजिओथेरपीच्या मॅडमनी भिंतीला हात टेकून पुश-अपपासून सुरुवात करून दिली. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग जमिनीवर. सासूबाईंनी रोजची कणीक माझ्याकडे सोपवली आणि मी मळत असताना शेजारी उभ्या राहायच्या, "अगं, डाव्या हाताला का देतेस? उजवा लाव." मुठीची ताकद मोजायचं यंत्र असतं, डायनॅमोमीटर. मॅडमचा नियम साधा होता: उजव्या हाताचा आकडा डाव्याच्या जवळ येईपर्यंत ट्रेल नाही, सपाट रस्ता चालेल. हा नियम मी पाळला आणि तुम्हीही पाळा. कोणताही ग्रिप या कामाला पर्याय नाही.

त्या महिन्यांत मी २०२१च्या टोकियो ऑलिंपिकच्या माउंटन बाइक रेस पुन्हा पुन्हा बघत होते. पुरुषांचं सुवर्ण जिंकलेल्या ब्रिटनच्या टॉम पिडकॉकची हसळी (कॉलरबोन) त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच, सराव करताना गाडीची धडक बसून मोडली होती. महिलांचं सुवर्ण स्वित्झर्लंडच्या योलांडा नेफला मिळालं. तिचा हात त्याच जूनमध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या वर्ल्ड कपमध्ये मोडला होता. दोघांनीही इझूच्या त्या दगडधोंड्यांच्या कोर्सवर सव्वा तास किंवा त्याहून जास्त हँडलबार धरून ठेवला. त्यांच्या मागे डॉक्टर, मेकॅनिक, पूर्ण टीम होती, हे खरं आहे. आपल्याला जास्त वेळ लागणार, तो लागू द्यावा. पण जुळलेला हात हे वजन, हे हादरे पेलू शकतो, हे मला तिथे डोळ्यांनी दिसलं आणि त्यावर मी विसंबले.

सपाट रस्त्याची परवानगी मिळाल्यावर पहिली फेरी पाम बीच रोडवर, पहाटे, गाड्या कमी असताना. गुळगुळीत डांबर, चढ जवळपास नाहीच. तरी नेरूळ गाठेपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर! हात झटकला की मुंग्या यायच्या आणि परत तेच. मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर बोट ठेवलं. तिथून अल्नर नर्व्ह जाते, अगदी वरवरून, आणि दोन छोट्या हाडांच्या मधल्या अरुंद वाटेतून बोटांकडे वळते. तिथे सतत दाब पडला की नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. हा त्रास सायकलवाल्यांमध्ये इतका नेहमीचा आहे की त्याला हँडलबार पाल्सी असं नावच पडलंय. माझ्या बाबतीत तो जास्त होता, कारण मनगट पुरेसं मागे वळत नसल्याने मी अंगाचं वजन नकळत तळहाताच्या बाहेरच्या कडेवर टाकत होते. गोल ग्रिपवर ते वजन एका चिंचोळ्या पट्टीवर येतं.

मग ग्रिप बदलायला घेतले. पहिल्यांदा सिलिकॉन फोमचे गोल ग्रिप लावले. क्रॉस-कंट्रीवाले ते आवडीने वापरतात, कारण वजनाला अगदी हलके असतात आणि बारीक थरथर छान शोषतात. पण आकार गोलच, त्यामुळे बधिरपणा उशिरा आला इतकंच. त्यानंतर ऑनलाइन मिळणारी एक स्वस्त, पंखवाली, म्हणजे तळहात टेकायला मागे चपटा भाग निघालेली जोडी घेतली. तिचं नाव लिहीत नाही. तिचा क्लॅम्प, म्हणजे हँडलबारला आवळणारी कडी, उतारावर हलला आणि ग्रिप हातात फिरला. प्लेट असलेल्या हाताखाली ग्रिप फिरणं ही भीती काय असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ती जोडी त्याच संध्याकाळी काढून टाकली.

आता जीए३. हा लॉक-ऑन ग्रिप आहे, म्हणजे आतल्या बाजूला धातूची एक कडी असते, ती स्क्रूने हँडलबारवर आवळायची. कडी एकच आणि आतल्या टोकाला, त्यामुळे बाहेरच्या टोकाला, जिथे तळहाताची दुखरी कड येते, तिथे फक्त रबर. डावा आणि उजवा वेगळा. मुख्य गोष्ट म्हणजे बाहेरच्या बाजूला मागे निघालेला छोटा पंख. याच कंपनीचा जीपी१ नावाचा ग्रिप आहे, त्याचा पंख मोठा आणि चपटा, लांबच्या प्रवासाला उत्तम. मात्र रेसमध्ये उतारावर कोपरं बाहेर काढून, पकड सतत हलवत सायकल वळवावी लागते, तेव्हा मोठा पंख आडवा येतो. जीए३चा पंख इतपतच आहे की बसून चढताना वजन पसरतं आणि उभं राहून उतरताना तो जाणवत नाही. माझ्या मते या ग्रिपची सगळी हुशारी या मापात आहे.

पण नुसता बसवून उपयोग नाही, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पंखवाले ग्रिप आवडले नाहीत म्हणणाऱ्या बहुतेकांच्या सायकलवर मला पंख चुकीच्या कोनात दिसलाय. मी वाशीच्या ज्या वर्कशॉपमध्ये सायकल नेते तिथल्या दादांनी हे काम घाईने केलं नाही. "ताई, आधी सायकलवर बसा, मग पान्याला हात लावू," म्हणाले. मला भिंतीशी टेकवून, चढाच्या बसणीत बसवून त्यांनी बाजूने बघितलं. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत एक सरळ रेषा आली पाहिजे. पंख जास्त वर फिरवला तर मनगट वाकडं होतं, आणि प्लेट बसवलेल्या मनगटाला ते पहिल्या दहा मिनिटांतच कळतं. जास्त खाली गेला तर आधारच नाही. अगदी थोडा फरक लागतो. कडी सैल ठेवून, बसून, उतरून, परत बसून तो शोधायचा.

ग्रिपचा कोन ठरल्यावर ब्रेक लिव्हरचा कोन त्याला जुळवायचा. माझ्या सायकलला पुढचा ब्रेक उजवीकडे आहे, म्हणजे दुखऱ्या हाताचं काम जास्त. दादांनी लिव्हर आतल्या बाजूला सरकवला, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाशी पडेल आणि कमी जोरात ब्रेक लागेल. मग लिव्हरचा रीच, म्हणजे हँडलबारपासूनचं अंतर, कमी केला, माझी बोटं लहान आहेत म्हणून. एका बोटाने ब्रेक आणि उरलेल्या तीन बोटांनी ग्रिप, हे जमलं तेव्हाच उतारावर माझा हात शाबूत राहायला लागला. मागचे गिअर बदलणारा शिफ्टरही उजवीकडेच असतो; अंगठा लांबवावा लागू नये एवढा तोही जवळ आणला. क्लॅम्पवर आवळण्याच्या जोराचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो, तेवढंच आवळायचं, तो जोर मोजणाऱ्या टॉर्कच्या पान्याने. कार्बन हँडलबार असेल तर हे विसरू नका.

त्यानंतर पारसिक हिल. बेलापूरहून वर जाणारा तो रस्ता छोटा पण खडा आहे, आणि बसून चढायचं म्हटलं की तळहातावर भार येतोच. तिथे पहिल्यांदा मी वर पोहोचले आणि करंगळी जागेवर होती. माझ्यासाठी तो निकाल होता. खारघरच्या डोंगरावर, फणसवाडी-चाफेवाडीच्या बाजूला, कच्च्यावर उतरले तेव्हा वेगळी गोष्ट लक्षात आली: मी ग्रिप कमी आवळत होते. भीतीने हँडल आवळून धरलं की कोपराखालचे स्नायू दगडासारखे होतात आणि मग ब्रेक दाबायलाच ताकद उरत नाही. हात कुठे आहे याची खात्री असली की बोटं आपोआप सैल होतात. रबर मऊ आहे, पकड चांगली देतं. मे महिन्यात नवी मुंबईच्या दमटपणात हातमोजे घामाने निथळतात, तेव्हाही हात सरकला नाही. हातमोज्यांशिवाय मात्र मी वापरलेले नाहीत, वापरणारही नाही.

कशात उपयोग नाही तेही स्पष्ट सांगते. मोठे दणके ग्रिप घेत नाही, ते काम टायर आणि फोर्कचं, म्हणजे पुढच्या चाकाच्या दबणाऱ्या दांड्यांचं. सह्याद्रीचा काळा दगड मातीतून धारदार डोकी वर काढून बसलेला असतो आणि मुरमाचे गोटे चाकाखाली घरंगळतात. तिथे टायरमध्ये हवा जास्त भरून नवे ग्रिप लावले तर पैसे वाया. मी टायर ट्यूबलेस केले, पुढची हवा उतरवली, फोर्कची हवाही माझ्या वजनाला जुळवून घेतली, म्हणजे सायकलवर बसल्यावर फोर्क त्याच्या एकूण चालीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका दबेल. आधी हे करा. हवा जुळवायला तरी दुकानातल्या पंपाशिवाय फारसा खर्च नाही. ग्रिप महाग आहेत. साध्या लॉक-ऑन जोडीच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि आपल्याकडे सगळ्या दुकानांत ठेवलेले नसतात. वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजणाऱ्या रेसरला सिलिकॉनचे हलके वाटतील, ते बरोबरच आहे. मी ते जास्तीचं वजन आनंदाने वाहते.

रेस मावळात होती, हिवाळ्यात, वाळलेल्या गवतातून फेऱ्या मारायची. सुरुवातीच्या चढावर सगळ्या बायका एकमेकींना खेटून चालल्या होत्या आणि मला हाताचा विचार करायला वेळच नव्हता. मधल्या फेरीत प्लेटच्या जागी दुखायला लागलं, बोथट, ओळखीचं दुखणं. बधिरपणा नाही. शेवटच्या उतारावर, जिथे मूळं आणि दगड एकत्र येतात, पुढचा ब्रेक एका बोटाने लागत होता आणि सुटत होता. पूर्ण केली. नंबर आला नाही, पण ज्या मुलीला मी जखमी होण्याआधी मागे टाकायचे ती थोडीच पुढे होती, आणि पुढच्या वेळी तिला गाठायचं मी ठरवलंय.

घ्यायचे असतील तर मापाकडे बघा. जीए३ दोन मापांत येतो, स्मॉल आणि लार्ज, आणि फरक जाडीचा आहे. दुखापतीनंतर मूठ पूर्ण मिटत नाही, तेव्हा जाड ग्रिप बरा वाटतो, म्हणून दुकानात माझा हात आधी लार्जकडे गेला होता. मॅडमनी सांगितलं होतं की विचार आजच्या मुठीचा करू नकोस, चार महिन्यांनी होणाऱ्या मुठीचा कर; लहान हाताला जाड ग्रिप सतत ताणून धरायला लागतो आणि हात लवकर दमतो. मी स्मॉल घेतले. तुम्ही ठाण्यात किंवा वाशीत दुकानात जाल तेव्हा स्वतःचे हातमोजे घालून दोन्ही मापं धरून बघा, आणि बरा हात नाही, दुखरा हात पुढे करा.