प्राध्यापकी की शिक्षण-तंत्रज्ञान?

समजा, तुमचं एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालं, शिकवायची हौस आहे. आता दोन वाटा.

पहिली कॉलेजची. बीएस्सीच्या वर्गाला शिकवायचं तर सहसा पदव्युत्तर पदवीला 55 टक्के आणि नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय किंवा राज्याची पात्रता परीक्षा (किंवा पीएचडी). महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. कायम जागा मिळाली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून. पण हा ‘तर’ फार मोठा! अनुदानित जागा निघेपर्यंत अनेकांची उमेदीची वर्षं तासिका तत्त्वावर जातात. जितके तास तितकेच पैसे, आणि सुट्टीचे महिने कोरडे. तरीही पॉइंटरसारखी प्रोग्रॅमिंगमधली अवघड संकल्पना शिकवताना गाडी नेमकी कुठे अडली, हे मुलांच्या चेहऱ्यावर वाचता येतं ते वर्गातच.

दुसरी वाट शिक्षण-तंत्रज्ञानाची, म्हणजे संगणकावरून शिकण्याचे धडे आणि साधनं बनवण्याची. तिथे सेट सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही काय बनवलंय ते बघतात. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प घ्या. साधारण दहा मिनिटांचे धडे, मराठीतसुद्धा. विद्यार्थी एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून शिकतो. असा धडा लिहिणं मला वर्गात बोलण्यापेक्षा अवघड वाटतं, कारण शंका विचारणारं समोर कुणीच नसतं. ती आधीच ओळखावी लागते. आयआयटी मुंबईतच शिक्षण-तंत्रज्ञानात पीएचडीही करता येते. खासगी कंपन्यांत पगार बरा, पण बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीची पडझड आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

मला विचाराल तर सेटचा फॉर्म भराच. निकाल लागेपर्यंत मराठीत एक धडा बनवून चार मुलांना दाखवा.