ग्रंथालयातील टचस्क्रीन कियॉस्क : काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयाने डिजिटायझेशन झालेली नियतकालिके आणि दुर्मीळ पुस्तके पाहण्यासाठी टचस्क्रीन कियॉस्क बसवला आहे. स्थानिक इतिहासाच्या कामासाठी मी तो गेले काही महिने नियमित वापरत आहे. त्याचा सर्वांत मोठा लाभ आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वर्तमानपत्रे लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापली जाऊ लागली. त्यातील आम्लामुळे हा कागद पिवळा पडतो आणि घडीवर पापडासारखा तुटतो. असे अंक आता कपाटातून वारंवार काढावे लागत नाहीत. पडद्यावर दोन बोटे फाकवली की पान आधी धूसर दिसते आणि मग चौकोनाचौकोनाने स्पष्ट होत जाते. बारीक टाइपातल्या जाहिराती, समासातली पेन्सिलीची खूण, ग्रंथालयाचा जुना गोल शिक्का, सारे भिंगाशिवाय वाचता येते.

शोधाची सोय मात्र अपुरी आहे आणि मराठी संग्रहासाठी हा दोष गंभीर आहे. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांमुळे अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या छपाईत ते पानोपानी आहेत. त्यामुळे ‘तळेगाव’ असे टाइप केल्यास जुन्या अंकांतले ‘तळेगांव’ हाती लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यानंतरच्या बातम्या शोधताना ‘पानशेत’ लगेच सापडले. ‘वडगाव’ मात्र दोन्ही प्रकारे टाकून पाहावे लागले. ज्याला जुने लेखन ठाऊक नाही, अशा विद्यार्थ्याचा तर संग्रहात ही बातमीच नाही असा समज होईल. शब्दसूची तयार करतानाच दोन्ही रूपे एक मानली तर ही अडचण दूर होते. काही अनावश्यक निकाल वाढतील खरे, परंतु ते चाळणे मूळ बातमी हुकण्यापेक्षा केव्हाही परवडते. पुसट जोडाक्षरांवर ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखणारी संगणकीय यंत्रणा, चुकते, आणि मोडी कागद तर केवळ चित्र म्हणूनच पाहता येतात.

दुसरी अडचण वाचनाचीच आहे. काही वेळ स्पर्श झाला नाही की पडदा आपोआप पहिल्या पानावर जातो. प्रदर्शन पाहून पुढे सरकणाऱ्यांसाठी ही व्यवस्था ठीक आहे, पण ग्रंथालयात माणूस थांबून वाचतो. एक स्तंभ सावकाश वाचायचा तर मधूनमधून बोट टेकवत राहावे लागते, नाहीतर वर्ष, महिना आणि अंक पुन्हा निवडण्यापासून सुरुवात करावी लागते. त्यातच पडदा उभ्याने वापरण्याच्या उंचीवर असल्याने ज्येष्ठ सभासद लवकर थकतात. खुर्चीत बसले तर वरच्या कळांपर्यंत हात पोचत नाही.

अलीकडची पुस्तके येथे पूर्ण वाचता येत नाहीत, फक्त त्यांची नोंद दिसते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे याबद्दल माझी तक्रार नाही.

अनुस्वाराचा शोध आणि पडद्याची वेळमर्यादा या दोन्ही मागण्या मी ग्रंथपालांकडे उदाहरणांसह लेखी दिल्या आहेत. वेळमर्यादा त्यांनी वाढवून घेतली असून शोधाची दुरुस्ती पुढील देखभाल करारात घालण्याचे मान्य केले आहे.