बेस गिटारसाठी पिक: पातळ नायलॉन की जाड टॉर्टेक्स?

बेसची ई तार, म्हणजे चार तारांतली सर्वांत जाड, साधारण 2.7 मिमीची. तिच्यावर 0.60 मिमीचं नायलॉन पिक (तार छेडायची छोटी चपटी पट्टी) मारलं की आधी पिकच वाकतं. तार कमी हलते, त्यामुळे 41 हर्ट्झचा मूळ स्वर दबतो आणि वरची ‘टिकटिक’ तेवढी पुढे येते. एकट्याने वाजवताना गोड लागतं. ड्रम सुरू झाले की पोकळ.

1.14 मिमीचं जांभळं टॉर्टेक्स (डनलॉप कंपनीचं प्लास्टिकचं पिक) फारसं वाकत नाही. जोर थेट तारेत उतरतो, स्वर भरीव येतो, ठोका सुटा ऐकू येतो. शिवाय त्याचा पृष्ठभाग खडूसारखा कोरडा, घामट बोटांतूनही सहसा निसटत नाही. हात जड असेल तर मात्र तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते.

माझी पसंती जाडालाच. ठोकाच नको, मऊ घुमारा हवा? मग दोन्ही ठेवा बाजूला, फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) पिक घ्या.