ओल्ड टायमर: एलेनव्हिलचा घ्यावा की चीनचा?

‘ओल्ड टायमर’ हा श्रेड या अमेरिकी नावाचा, खिशात बाळगायचा मिटता चाकू. पूर्वी तो न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिल गावात व्हायचा, आता चीनमध्ये होतो. दोन्ही चाकू मिटून शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येत नाहीत. करवतीने ओरखडल्यासारखी तीच तपकिरी डेलरिनची (एक टणक प्लास्टिक) मूठ, त्यावर तीच चिमुकली धातूची पट्टी आणि ‘ओल्ड टायमर’ हीच अक्षरं. मोठं पातं उघडा आणि त्याच्या बुडाशी नीट बघा. श्रेडच्या नावासोबत ‘यूएसए’ ठोकलेलं असेल तर चाकू अमेरिकी. नसेल तर विकणारा काही म्हणो, चीनचा धरून चाला.

श्रेड बंधूंनी १९०४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावात धंदा सुरू केला. पुढे बस्तान एलेनव्हिलला. ओल्ड टायमर मालिका १९५९ची. न्यू जर्सीहून साउथ फॉल्सबर्गच्या मुक्तानंद आश्रमात कधी जाऊन आलेल्या मंडळींना एलेनव्हिलचा हा भाग ओळखीचा असेल. गाव तिथून फार लांब नाही. २००४च्या जुलैमध्ये कारखान्याला टाळं लागलं. टेनेसीतल्या टेलर कंपनीने नाव विकत घेतलं आणि माल चीनमध्ये करून घेतला. २०१६ साली ती टेलरच स्मिथ अँड वेसनने घेतली. म्हणजे आजच्या चाकूत जुन्यातलं काय उरलं, तर नाव आणि रूप.

खरा फरक पात्यात आहे. एलेनव्हिलच्या ओल्ड टायमरचं पातं बहुधा १०९५चं: साधं कार्बन पोलाद, गंजापासून वाचवणारं क्रोमियम त्यात जवळजवळ नाहीच. घरी लोखंडी विळी असेल तर याचा स्वभाव तुम्हाला आधीच माहीत आहे. कैरी चिरा, लिंबू कापा, पातं काळं पडतं. ओलं ठेवलंत तर सकाळी गंजाचे ठिपके. पण बारीक दगडावर आठ-दहा हात मारले की धार अशी येते की कागद आवाज न करता फाटतो. नव्या चाकूंत मुख्यतः ७सीआर१७ नावाचं चिनी स्टेनलेस असतं, त्यातला १७ क्रोमियमच्या टक्क्यांचा. धुऊन तसंच खिशात टाकलं तरी फारसं बिघडत नाही. धार यालाही लागते. फक्त घासताना धारेच्या टोकाला तारेसारखी बारीक कड उठते आणि ती सहजी निघत नाही. चामड्याच्या पट्ट्यावर चार हात जास्त मारायची तयारी ठेवा.

आमच्या एका चुलतभावाला कोकणात न्यायला तीन पात्यांचा, ‘८ओटी’ हवा होता. (यातलं एक आखूड बोथट टोकाचं पातं मुळात गुरांचं खच्चीकरण करायला केलेलं आहे. ते त्यानं आता सुपारी खरवडायला ठरवलंय.) त्याला मी नवाच घ्यायला लावला. पावसाळ्यात भिंतींना ओल येते त्या घरात कार्बनचं पातं रोज पुसून तेलाचा हात फिरवणारा माणूस तो नाही.

जुना घेताना मी एकदा चांगलाच फसलोय. ऑनलाइन फोटोत एकच बाजू, तीही मिटलेली. आला तेव्हा मोठं पातं कुणीतरी इलेक्ट्रिक ग्राइंडरवर घासघासून निम्मं करून ठेवलेलं. तेव्हापासून मी तिन्ही पाती उघडलेला फोटो मागतो. पात्याची रुंदी नव्या चाकूच्या फोटोशी ताडून बघतो, आणि विकणाऱ्याला विचारतो की उघडल्यावर पातं आडवं हलतं का, मिटताना ‘टक्’ आवाज येतो का. मोघम उत्तर आलं की सौदा सोडून देतो.

पैशाचं सरळ आहे. नवा स्वस्त आणि हरवला तर दुसरा मिळतो. जुन्याची किंमत त्याच्या अवस्थेवर, आणि धार न लावलेला, डब्यासकट असेल तर तो संग्राहकच उचलतात. तो खिशात बाळगायचा नाही. नवा मात्र ‘पुढे किंमत येईल’ म्हणून घेऊ नका.

माझ्या खिशात एलेनव्हिलचा आहे, फारसा देखणा नसलेला, पात्यावर करडे डाग पडलेला. स्वयंपाकघरात आणि पाहुण्यांच्या हातात नवाच देतो, कारण लिंबू कापून सिंकमध्ये टाकून देणारे आमच्याकडे कमी नाहीत. दोन्हीपैकी कोणताही भारतात नेताना मात्र चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको.