कोरड्या त्वचेसाठी ‘तुमचा स्वतःचा गंध’: १३,४९९ रुपये कसे गेले

आकडा आधी सांगते. १३,४९९ रुपये, माझ्या पसंतीच्या गंधाच्या प्रसाधनांच्या फसवणुकीत. चार वेळा मिळून गेले: ४९९ त्वचेच्या सल्ल्याचे, ६,८५० पाच वस्तूंच्या संचाचे, २,४०० ‘गंध फक्त तुमच्यासाठी राखून ठेवण्याचे’ आणि ३,७५० प्रयोगशाळेच्या चाचणीचे. चारही वेळा यूपीआय, आणि चारही वेळा समोर खात्याचं नाव वेगळं. नाव बदललं की तिथेच थांबायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी थांबले नाही.

सोशल मीडियावरचं देखणं पान, मग व्हॉट्सॲपवर गोड बोलणाऱ्या ‘सल्लागार ताई’, आज रात्री बारापर्यंतच सवलत. हा साचा सगळ्यांना पाठ आहे, त्यावर शब्द घालवत नाही. मी अडकले ते त्यांच्या प्रश्नावलीमुळे, कारण ती विषय येणाऱ्या माणसाने लिहिलेली होती. आंघोळीनंतर किती मिनिटांत त्वचा ओढल्यासारखी होते? पोटऱ्यांवर पांढरे खवले येतात का? चेहरा धुतल्यावर गाल चुरचुरतात का? रात्री एसी लावता का? कोरड्या त्वचेबद्दल हेच विचारायला हवं. उत्तरादाखल आलेला आराखडाही चोख होता: पाणी धरून ठेवायला ५ टक्के ग्लिसरिन, त्वचा मऊ करायला स्क्वालेन, वरून झाकायला शिआ बटर आणि मधमाशीचं मेण. आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत उरकायची, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि तीन मिनिटांच्या आत ओलसर त्वचेवर क्रीम लावायचं. यातला एकही शब्द खोटा नाही. अर्धी माहिती बरोबर देऊन उरलेल्या अर्ध्यात गळा कापायचा, अशी यांची रीत. विषय कळणाऱ्यांनी उलट जास्त सावध राहावं, कारण ओळखीचे शब्द दिसले की आपण तपासणं सोडून देतो.

आता तो क्षण. ६,८५० भरायच्या आदल्या संध्याकाळी गंध ठरवायचा होता. मोगरा, चंदन आणि मातीचं अत्तर, असं त्रिकूट ठरलं. त्यावर एक निरोप आला, तो अजून माझ्याकडे आहे. ‘आमचं मोगऱ्याचं इसेन्शियल ऑइल स्टीम डिस्टिल्ड, पाण्यासारखं शुद्ध. बाजारातल्या क्रीममध्ये १ टक्का गंध असतो, आम्ही ८ टक्के देतो.’ सोबत आठ-दहा सेकंदांची चित्रफीत. निळ्या नखांचा हात ड्रॉपर दाबतो आणि नितळ, रंगहीन थेंब एकामागून एक टपटप काचेवर पडतात.

मी ती तीन वेळा पाहिली. तीन वेळा!

मोगऱ्याची फुलं वाफेवर टाकली तर त्यांचा गंध तेलाच्या रूपात हाती लागत नाही. मोगरा असो की जाई-जुई, त्यांचा अर्क द्रावकाने, म्हणजे गंध विरघळवून घेणाऱ्या रसायनाने काढतात. त्याला ॲब्सोल्यूट म्हणतात. तो पिवळट-केशरी ते तपकिरी असतो आणि पाण्यासारखा मुळीच वाहत नाही. दुसरी जुनी पद्धत कन्नौजच्या अत्तरांची. तिथे देग-भपक्यावर (उकळायचं भांडं आणि वाफ गोळा करणारं पात्र) फुलांची वाफ चंदनतेलात मुरवतात. म्हणजे तेही तेलकट आणि दाटसरच. रंगहीन, पाण्यासारखा पातळ ‘शुद्ध मोगरा’ ही वस्तूच अस्तित्वात नाही. हे मला त्या दिवशी नव्याने कळलेलं नाही, आधीपासून ठाऊक होतं. आणि ८ टक्के! चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममध्ये इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं सुगंधी तेल, अर्धा टक्का, फार तर १ टक्का. अंगाला लावायच्या बटरमध्ये २ टक्क्यांपर्यंत. कोरड्या त्वचेचा वरचा थर आधीच फटी पडलेल्या भिंतीसारखा असतो, आत काहीही शिरतं. तिथे ८ टक्के म्हणजे जळजळ, लाली, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती जन्मभराची. एकाच निरोपात दोन उघड खोटी विधानं, दोन्ही माझ्या विषयातली, आणि मी उत्तर काय दिलं? ‘छान, पुढचं सांगा.’

बाजू मांडायची तर एवढंच म्हणेन की मी आंधळेपणाने पैसे फेकले नाहीत. चंदनाचा जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीचा) अहवाल मागितला होता आणि तो मागणं बरोबरच होतं. त्यांनी तीच मागणी ३,७५० रुपयांना मला विकली. आलेल्या अहवालावर एकच ओळ होती: ‘शुद्धता १०० टक्के’. जीसी-एमएस शुद्धतेचा टक्का सांगतच नाही. त्यात शिखरांचा आलेख असतो आणि खाली घटकांची यादी, प्रत्येकापुढे त्याचं प्रमाण. भारतीय चंदनाच्या तेलात आल्फा-सँटालॉल साधारण ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटालॉल १६ ते २४ टक्के दिसायला हवं. वर बॅच क्रमांक हवा आणि तोच क्रमांक बाटलीवरही हवा. हे नसेल तर तो कागद रद्दीत घाला. अहवाल पैसे भरायच्या आधी मागा. नंतर आलेल्या अहवालाचा उपयोग शून्य.

खोकं १६ दिवसांनी आलं. उघडतानाची चित्रफीत काढली, एवढं एक काम नीट केलं. तुम्हीही काढा, खोक्यावरचा पत्ता आणि चिकटपट्टी दिसेल अशी, मध्ये न थांबवता.

आत काय निघालं ते सविस्तर सांगते, कारण ओळखायचं कसं ते यातच आहे. क्रीमच्या बरणीवर ५० ग्रॅम छापलेलं. रिकामी बरणी वजा करून भरलं फक्त ३८ ग्रॅम. दुहेरी भिंतीची बरणी बाहेरून मोठी दिसते, म्हणून साधा वजनकाटा हाताशी ठेवा. फेसवॉशवर ‘साबणविरहित’ लिहिलेलं, पण पीएच पट्टी (आम्लता दाखवणारा रंगीत कागद) बुडवली तर रंग ९ वर गेला. त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. ९ म्हणजे तो साबणच, आणि कोरड्या त्वचेची सगळ्यात जास्त वाट तोच लावतो. पट्ट्यांची डबी स्वस्त मिळते.

अत्तराच्या बाटल्या वेगळ्या होत्या, १० मिलीच्या दोन. मातीचं अत्तर हलवलं तर पाण्यासारखं खळखळलं. खरं मातीचं अत्तर म्हणजे भाजलेल्या मातीची वाफ चंदनतेलात उतरवलेली. ते बाटलीच्या काचेला धरून सावकाश खाली येतं. मोगऱ्याच्या बाटलीची चाचणी अशी केली: सुई काढलेल्या ५ मिलीच्या सिरिंजचं तोंड बंद करून २ मिली ‘तेल’ आणि २ मिली पाणी, जोरात हलवून अर्धा तास उभं ठेवलं. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वरचा थर जवळपास २ मिली उरायला हवा. उरला ०.६ मिली. बाकीचा १.४ मिली पाण्यात मिसळून गेला, म्हणजे तो पातळ करायला घातलेला, पाण्यात मिसळणारा द्रव होता. बहुधा डायप्रोपिलीन ग्लायकोल. ही चाचणी सगळी भेसळ पकडत नाही हेही लक्षात ठेवा. थॅलेट किंवा लिक्विड पॅराफिन घातलेलं असेल तर ते पाण्यात मिसळत नाही आणि थर तसाच राहतो.

बॉडी बटर रवाळ होतं. त्याचा दोष मात्र मी देणार नाही. शिआ बटर हळूहळू थंड झालं की त्यात कण धरतात, तो लबाडीचा पुरावा नाही.

सगळ्यात घातक होता तो फेस मिस्ट. ‘प्रिझर्वेटिव्ह-फ्री’ असं सोनेरी अक्षरांत. ज्यात पाणी आहे आणि प्रिझर्वेटिव्ह नाही, ते उत्पादन नाही, ती जंतूंची शेती आहे. अकराव्या दिवशी झाकण काढलं तर फवाऱ्याच्या नळीला करड्या धाग्यांचं जाळं लटकलेलं होतं, कापूस पिंजून अडकवावा तसं. शिवाय वर तेलाचं कडं तरंगत होतं, म्हणजे सोल्युबिलायझर, तेल पाण्यात मिसळवणारा घटक, हाही घातलेला नव्हता. पॉलिसॉर्बेट २० सारखं काही तेलाच्या कित्येक पट घातल्याशिवाय तेल पाण्यात बसत नाही. नाहीतर पहिला फवारा नुसत्या पाण्याचा आणि शेवटचा निव्वळ तेलाचा, थेट गालावर. फेनॉक्सीइथेनॉलसारखं प्रिझर्वेटिव्ह १ टक्क्याच्या आत असेल तर घाबरू नका. घाबरायचं ते ‘फ्री’ला.

लेबलवर ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना वापराची मुदत, ना घटकांची यादी, ना बनवणाऱ्याचा पत्ता. कॉस्मेटिक्स नियम २०२० प्रमाणे हे सगळं सक्तीचं आहे. हाताने बनवलेलं असो की ‘घरगुती’, विकायला बनवलं की परवाना लागतो. पैसे भरण्याआधी मागच्या लेबलचा फोटो मागवा. पुढचं लेबल कुणीही सुंदर छापतं.

परतावा मागितला तर उत्तर आलं, ‘१८ टक्के जीएसटी, २,४३० रुपये आधी भरा, मग पूर्ण रक्कम परत.’ हे मात्र भरले नाहीत. परतावा घ्यायला पैसे भरावे लागत नाहीत आणि पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कधीच नाही.

आता तक्रारीचं. बँक म्हणाली, पिन तुम्ही टाकला, व्यवहार तुमच्या संमतीचा, आमचा संबंध नाही. पोलीस ठाण्यात कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला, मग म्हणाले सायबर विभागात जा. सायबर विभागात विचारलं, ‘खोकं मिळालं ना? मग ही फसवणूक कशी? ग्राहक तक्रार आहे.’ ग्राहक तक्रारीला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. खोक्यावरच्या पत्त्यावर कुरियरवाल्याने चौकशी केली तर त्या क्रमांकाचा गाळाच नाही. यूपीआय खात्यामागचा माणूस कोण हे बँकेला माहीत असतं, बँक ते फक्त पोलिसांना सांगते, आणि पोलिसांच्या लेखी हा गुन्हाच नाही. फिरा गोल गोल! सौंदर्यप्रसाधनांचे परवाने बघणाऱ्या कार्यालयात बुरशी लागलेली बाटली घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी ती हातातही घेतली नाही. म्हणाले, ‘यावर परवाना क्रमांक कुठाय? उत्पादक कोण ते कळल्याशिवाय कारवाई कुणावर करायची? नाव शोधून आणा.’ अहो, परवाना क्रमांक नाही हीच तर तक्रार आहे! विनापरवाना प्रसाधन विकायला बनवणं हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने गुन्हा आहे, आणि तो शोधायचं काम पगार घेणाऱ्या खात्याचं की बुरशी तोंडावर मारून घेतलेल्या ग्राहकाचं? तीन खेपा घातल्या. तिसऱ्या वेळी साहेब दौऱ्यावर, चौथ्या वेळी या म्हणाले. पोच मागितली तर आवक शिक्का मारणारी व्यक्ती रजेवर. लेखी पोच घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका, मग कुणी कितीही कपाळाला आठ्या घालो.

पैसे गेल्याचं कळल्याक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मी केला तो १७ दिवसांनी आणि तोवर खाती रिकामी होती. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत २ वर्षं. पत्ता नसला तरी चारही यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक जोडून ठेवा.

आणि ज्यांना खरंच स्वतःचा गंध हवा आहे, त्यांनी त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. बिनवासाचं, परवाना क्रमांक असलेलं साधं क्रीम घ्या. त्यातलं १० ग्रॅम वेगळ्या स्वच्छ डबीत काढा. अर्धा टक्का म्हणजे ०.०५ ग्रॅम तेल, जेमतेम एक-दोन थेंब. थेंबाचा आकार ड्रॉपरप्रमाणे बदलतो, म्हणून ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर उत्तम. कोरड्या चमच्याने हलवा. क्रीम फुटून पाणी सुटलं तर टाकून द्या. कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. गंध पाच वस्तूंत नको, एकातच, आणि तोही चेहऱ्यापेक्षा अंगाच्या बटरमध्ये बरा. दालचिनीचं तेल त्वचेवर नको. दाबून काढलेलं बर्गमोट (लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल) लावून उन्हात गेलात तर डाग पडतात. लॅव्हेंडरची बाटली वर्षानुवर्षं उघडी पडली असेल तर ती वापरू नका, हवेने त्यातल्या लिनालूल या सुगंधी घटकाचं रूपांतर ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांत होतं. लिंबाचा वास सकाळी लावून संध्याकाळीही तितकाच ताजा राहिला तर तो नुसत्या लिंबाचा नाही. त्वचा भेगाळलेली असेल तर बरी होईपर्यंत कुठलाच गंध नको.

बुरशीची बाटली मी दोन पिशव्यांत गुंडाळून पुरावा म्हणून ठेवली आहे. पान बंद झालं होतं. परवा नव्या नावाच्या पानावर तीच चित्रफीत दिसली. तीच निळी नखं, तेच पाण्यासारखे थेंब. संच आता ७,२५० रुपयांना आहे.